नव्या तुकडीत एक तरी आपलं माणूस : तुकड्या पाडताना मुलांना विचारावं का? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

दुसरा बाक :

दरवर्षी नवे वर्ग सुरू होण्याआधी आमच्या स्टाफरूममध्ये एक काम दोन तासांत उरकलं जातं. टेबलावर गुणांची यादी, शेजारी चार तुकड्यांचे चार रकाने. पहिला 'अ'त, दुसरा 'ब'त, तिसरा 'क'त, चौथा 'ड'त, की पुन्हा पहिल्यापासून. मुलगे-मुली सारखे झाले का, हुशार आणि कच्चे सारखे वाटले गेले का, दंगेखोर एकाच वर्गात तर आले नाहीत ना, एवढं पाहिलं की यादी पक्की. वीस वर्षं मी हेच करत आले. बोलक्या जोड्या तर मुद्दाम फोडल्या. "फार चिकटल्यात दोघी, जरा वेगळ्या बसू देत," हे वाक्य माझ्याच तोंडचं.

या वर्षी माझ्या सहावीत एक मुलगी आहे. मधल्या सुट्टीत माझी मैदानावर देखरेख असते, तेव्हा ती मला रोज पाण्याच्या नळावर दिसायची. रांगेत उभी राहायची, बाटली भरायची, कुंपणालगतच्या झाडाच्या बुंध्याशी ओतायची आणि पुन्हा रांगेच्या शेवटी. तीनदा, कधी चारदा. मला वाटलं, झाडाची आवड दिसतेय. एक दिवस कौतुकानं तसं म्हटलंही. ती म्हणाली, "बाई, रांगेत असलं की कुणी विचारत नाही एकटी का उभी आहेस म्हणून."

त्या दिवशी मी तिचं प्रगतिपुस्तक काढून पाहिलं. हजेरी पूर्ण, वह्या पूर्ण, गुण चांगले, आणि खाली माझ्याच अक्षरात शेरा : 'शांत व समंजस'. पाचवीतल्या तिच्या दोन मैत्रिणी 'क' तुकडीत गेल्या, दोघी एकत्र. ही एकटी 'अ'त आली. ती यादी करणाऱ्यांत मी होते.

माझं म्हणणं सरळ आहे. वर्ष संपताना प्रत्येक मुलाकडून चिठ्ठीवर तीन नावं घ्यावीत : पुढच्या वर्षी वर्गात कोण सोबत असलं तर बरं वाटेल? त्या तिघांपैकी एक तरी त्याच्या तुकडीत येईल अशी यादी आधी लावावी. गुणांचा समतोल त्यानंतर साधावा. जिथे दोन्ही साधत नसेल तिथे समतोल सोडावा.

हे निव्वळ हळवेपणानं म्हणत नाही. २०११ साली कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या संशोधकांनी पाचवी-सहावीतल्या १०३ मुलांना चार दिवस एक वही दिली. दिवसातून अनेकदा त्यांनी लिहायचं : नुकतंच काय घडलं, सोबत कोण होतं, स्वतःबद्दल काय वाटतंय. सोबत लाळेचा नमुना द्यायचा. वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ नसला की कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं दिसे आणि मुलाचं स्वतःबद्दलचं मत घसरलेलं असे. मित्र शेजारी असला की दोन्हींत फारसा फरक पडत नसे. मित्रानं काही केलं असं नाही, तो तिथे होता. आणि आपण त्यालाच दोन तासांत दुसऱ्या मजल्यावर पाठवतो.

तुमच्याकडे काय करतात? आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर लिहा.

घंटा वाजली :

बाई, तळमळ पोचली. तरी माझा विरोध आहे. मी पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं तुकड्यांचं काम पाहतो.

पहिलं म्हणजे कंपू. काही वर्षांपूर्वी पालकांच्या आग्रहाखातर आम्ही आठवीत पाच मुलांना एकत्र ठेवलं. वाईट मुलं नव्हती ती. पण सहामाहीपर्यंत त्या वर्गात पाचांचा एक वर्ग आणि उरलेल्यांचा दुसरा, अशी भिंत उभी राहिली. गटकामात ते पाच एकत्र, सहलीच्या गाडीत मागची सीट त्यांची, त्यांना जे हसू येईल त्यावर सगळ्यांनी हसायचं. एकेकट्यानं जी गोष्ट कधी केली नसती ती पाचांनी मिळून केली. याचंही संशोधन आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ साली मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला, काहींना एकट्यानं आणि काहींना सोबत्यांच्या देखत. सोबती पाहत असताना किशोरांनी घेतलेला धोका बराच वाढला. मोठ्यांना सोबत्यांमुळे फरक पडला नाही.

दुसरं, या वयातली मैत्री तशीही फिरती असते. हार्टल, लॉर्सन आणि सिलेसेन यांनी सातवीतल्या जोड्यांचा माग काढला, म्हणजे ज्या दोघांनी एकमेकांना मित्र म्हटलं अशा जोड्यांचा. २०१५ साली ते छापून आलं. बारावीपर्यंत टिकलेल्या जोड्या साधारण १ टक्का. सर्वांत जास्त जोड्या तर पहिल्याच वर्षात सुटल्या. जी गोष्ट वर्षभरात आपोआप सुटणार, तिच्यासाठी सगळ्या शाळेची यादी उलटीपालटी करायची का?

आणि नवी ओळख काढणं हे शिकावंच लागतं ना? बारा वर्षांच्या मुलाला ते जमलं नाही तर वसतिगृहात, नोकरीत कसं जमेल?

सातवीची आई :

मी घंटा वाजली सरांच्या बाजूनं, पण माझं कारण वेगळं आहे. माझ्या मुलीला सलग दोन वर्षं जिवलग मैत्रिणीसोबत एकाच तुकडीत ठेवलं. आम्हीच विनंती केली होती. दोघी संध्याकाळी फोनवर बसतात आणि वर्गात कोण काय बोललं, कुणी पाहून न पाहिल्यासारखं केलं, बाई आपल्यावर रागावल्यात का, हे तासभर उगाळतात. फोन ठेवल्यावर दोघींना मोकळं वाटायला हवं ना? माझी लेक फोनआधीपेक्षा जास्त उतरलेल्या चेहऱ्यानं खोलीबाहेर येते. मैत्री घट्ट आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ती दोघींनाही खाली ओढतेय असं मला रोज दिसतं. कधी वाटतं, तुकडी बदलली असती तर बरं झालं असतं.

गणिताचा तास :

दुसरा बाक ताईंशी पूर्ण सहमत. वसतिगृहाचा मुद्दा मात्र खटकला. पोहायला शिकवताना आपण मुलाला एकदम खोल पाण्यात ढकलत नाही, काठाला एक हात धरून शिकवतो. ओळखीचा एक जण शेजारी असला की मूल उरलेल्या तीसजणांशी बोलायला धजावतं. माझ्या वर्गात जी मुलं सर्वांत सहज नव्यांशी बोलतात त्यांना बहुतेक करून एक पक्का मित्र असतो.

खिडकीजवळ :

मी शिक्षक नाही, पालक नाही. बावीस वर्षांचा आहे. माझ्या शाळेत ही चिठ्ठी होती, म्हणून लिहितोय.

सातवीत सरांनी कोरा कागद वाटला. 'तीन मित्रांची नावं लिहा, कुणाचं पाहू नका.' सगळे झरझर लिहायला लागले. मला एकही नाव सुचेना. म्हणजे नावं माहीत होती सगळ्यांची, पण मी ज्याचं लिहीन तो माझं लिहिणार नाही हे पक्कं माहीत होतं. माझ्या पुढच्या बाकावर दोघं एकमेकांना कोपर मारून 'तुझं लिहिलं' असं सांगत होते. मी वर्गातल्या तीन सर्वांत लोकप्रिय मुलांची नावं लिहिली. वाटलं, निदान सरांना वाटेल की मला मित्र आहेत. चिठ्ठी घडी करून देताना हात घामेजले होते, कागदावर शाई फुटली होती. सरांनी ती तशीच बरणीत टाकली.

पुढच्या वर्षी त्या तिघांतला एक माझ्या तुकडीत आला. कागदावर माझी इच्छा पूर्ण झाली असेल. त्याला माझं नाव नीट माहीत नव्हतं.

ताई, तुमच्या नळावरच्या मुलीबद्दल वाचून गलबललो. पण 'तीन नावं लिहा' हा प्रश्न ज्याच्यासाठी विचारायचा, त्यालाच तो सर्वांत जास्त लागतो. एवढंच सांगायचं होतं.

जुळ्यांचा बाबा :

खिडकीजवळ, तू लिहिलंस हे फार बरं केलंस.

माझाही अनुभव चिठ्ठीच्या विरोधातलाच. माझी दोन्ही मुलं एकाच शाळेत, तुकड्या वेगळ्या. धाकट्याला (दहा मिनिटांनी धाकटा) वर्गातला एक मुलगा दीड वर्ष छळत होता. बाहेरून पाहणाऱ्याला ते दोघं जिगरी दोस्त वाटायचे. गळ्यात हात, सारखे एकत्र. तो हात मानेवर किती जोरात असायचा ते आम्हाला खूप उशिरा कळलं. त्याला मित्रांची नावं लिहायला सांगितली असती तर त्या मुलानं माझ्या मुलाचं नाव पहिलं लिहिलं असतं. आणि माझ्या मुलानं भीतीपोटी त्याचं. पुढच्या वर्षी निव्वळ योगायोगानं तुकडी बदलली आणि महिन्याभरात मुलगा घरात शीळ घालायला लागला. आमची सुटका त्या दोन तासांच्या आंधळ्या यादीनं केली. तिला मी वाईट कसं म्हणू?

मनमोकळं :

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. इथे तीन-चार वेगळे प्रश्न एकात गुंतलेत, ते थोडे सोडवून पाहते. लांबेल, पण विषय तसाच आहे.

एक. चिठ्ठीची पद्धत नवी नाही. वर्गात कोण कुणाची निवड करतं ते बाण काढून दाखवण्याची पद्धत याकोब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात मांडली. पण ते नकाशे वाचणाऱ्याला एक गोष्ट लगेच शिकावी लागते : एकतर्फी बाण आणि दुतर्फी बाण यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. खिडकीजवळची चिठ्ठी म्हणजे तीन एकतर्फी बाण. ती वाचणाऱ्या सरांनी उलटी बाजू पाहिली असती, म्हणजे याचं नाव कुणी लिहिलंय, तर पाच मिनिटांत कळलं असतं. चिठ्ठी घेऊन तेवढं न पाहणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

दोन. दुतर्फी मैत्री एक असली तरी पुष्कळ होतं. हॉजेस आणि सहकाऱ्यांचा १९९९ चा अभ्यास याच वयोगटाच्या जवळचा आहे. ज्या मुलांना छळलं जातं, त्यांचा बुजरेपणा, घाबरटपणा, पटकन रडवेलं होणं पुढच्या वर्षात वाढतं. पण हे वाढणं दिसलं ते दुतर्फी जिवलग मित्र नसलेल्या मुलांमध्ये. एक मित्र असलेल्या मुलांमध्ये ती साखळी तुटलेली होती. म्हणून सर, मैत्री वर्षभरात सुटते हे खरं असलं तरी ते वर्ष महत्त्वाचं असतं. छत्री दहा वर्षं टिकणार नाही म्हणून पावसात ती घ्यायची नाही असं आपण म्हणत नाही.

तीन. सातवीच्या आईंनी जे लिहिलंय त्यावर अमांडा रोझ यांनी २००२ पासून काम केलंय. दोघींनी मिळून तेच तेच दुःख उगाळत राहणं. यानं मैत्री घट्ट होते, आणि त्याच वेळी मुलींमध्ये उदासी आणि चिंताही वाढते. दोन्ही एकदम. तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण त्यावर मैत्रीण तोडणं हा उपाय मी कधीच सुचवत नाही. दोघींना एकत्र काहीतरी करायला द्या. चालायला जाऊ देत, काही बनवू देत, कुठल्या तरी खेळाच्या सरावाला पाठवा. हात कामात असले की बोलणं आपोआप पुढे सरकतं. आणि तासाभरानं तुम्ही खोलीत जाऊन 'बरं, उद्या त्याचं काय करायचं ठरलं?' एवढंच विचारून पाहा.

चार. मुलांचं भावनिक आरोग्य म्हटलं की आता शाळा आठवड्याला एक तास ठेवतात, सगळ्या वर्गाला एकच धडा. मनाचे व्यायाम, श्वासावर लक्ष. हेतू चांगला असतो. पण ब्रिटनमध्ये ८,००० हून अधिक मुलांवर झालेल्या मिरियाड चाचणीचे निकाल २०२२ मध्ये आले. साधारण ११ ते १३ वयाच्या मुलांना शाळेत सरसकट दिलेल्या अशा सजगतेच्या धड्यांचा, शाळेत नेहमी जे चालतं त्यापेक्षा, मानसिक आरोग्यासाठी जास्त फायदा दिसला नाही. म्हणून मला दुसरा बाक ताईंचं म्हणणं मोलाचं वाटतं. तास वाढवण्याआधी मूल ज्या वर्गात दिवसाचे सहा तास बसतं तो वर्ग कसा रचलाय ते पाहा.

घंटा वाजली :

मनमोकळं ताई, छत्रीचं पटलं. १ टक्क्याचा मुद्दा मी मागे घेतो.

पण तुम्ही म्हणता तसा उलटा बाण पाहणार कोण? एका इयत्तेत दोन-अडीचशे मुलं. प्रत्येकाची तीन नावं. सहाशे-सातशे नावं हातानं जुळवायची, त्यात गुण, मुलगे-मुली, ज्यांना लिफ्ट लागते अशी मुलं, ज्यांना पुढचा बाक लागतो अशी मुलं. चिठ्ठी गोळा केली की आपण मुलाला शब्द दिल्यासारखं होतं. तो पाळता आला नाही तर? 'बाईंनी विचारलं आणि तरी मला एकटीलाच टाकलं' हे न विचारण्यापेक्षा जास्त लागेल की नाही? आणि पहिल्या दिवशी पालक कार्यालयाच्या दारात उभे राहतील, तो भार कारकुनांवर पडतो, तुमच्या-माझ्यावर नाही.

जुळ्यांच्या बाबांचा मुद्दा तर सगळ्यांत भारी आहे. छळणारा आणि छळला जाणारा एकमेकांचं नाव लिहितात. त्याचं उत्तर कुणीच दिलेलं नाही.

गणिताचा तास :

जुळवणीचं काम मी करून देईन. हे खरंच हातानं करायचं काम नाही. साध्या स्प्रेडशीटमध्ये नावं भरली की दुतर्फी जोड्या वेगळ्या काढता येतात आणि ज्याचं नाव कुणीच लिहिलेलं नाही अशी मुलंही लगेच दिसतात. अशी मुलं आधी बसवायची, मग दुतर्फी जोड्या, मग उरलेले. तीनपैकी एक नाव साधणं बहुतेकांसाठी शक्य होतं. तिन्ही साधायचे म्हटलं तर कंपू होतात, म्हणून एकच. सर, तुमच्या आठवीतल्या पाचांचं तेच झालं : त्यांची पाचही नावं साधली गेली.

दुसरा बाक :

दोन दिवस हे सगळं परत परत वाचत होते.

खिडकीजवळ, तुझी चिठ्ठी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मी ज्या प्रश्नाचा आग्रह धरत होते तो एकट्या मुलासाठी परीक्षेसारखा असतो हे मला सुचलंच नव्हतं. तो प्रश्न मी बदलते आहे. पण आधी जुळ्यांच्या बाबांना.

तुम्ही म्हणता ते मी माझ्या वर्गात पाहिलंय. गळ्यातला हात आणि मानेवरचा हात लांबून सारखेच दिसतात. म्हणून चिठ्ठीवरून काहीही ठरवण्याआधी जुन्या वर्गशिक्षिकेनं यादी पाहायलाच हवी, आणि मुलाला एकट्याला एकदा तरी विचारायला हवं. त्यातही माझ्यासारखी 'शांत व समंजस' लिहून मोकळी होणारी बाई असली तर ते हुकेल, हेही खरं. मला अजून याचं पुरतं उत्तर नाही. आंधळ्या यादीनं तुमच्या मुलाची सुटका झाली. त्याच यादीनं माझ्या विद्यार्थिनीला एकटं केलं. योगायोगावर दोघांनाही सोडावं असं मात्र मला वाटत नाही.

आता त्या मुलीबद्दल. वर्षाच्या मध्ये तुकडी बदलणं शक्य नव्हतं. सुरुवातीला मी जी चूक केली ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये. वर्गातल्या तीन 'चांगल्या' मुलींना बाजूला घेऊन सांगितलं, 'तिला तुमच्यात घ्या.' त्यांनी घेतलं. दोन दिवस तिला मध्ये बसवून तिघी तिच्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलल्या. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा नळावर. नंतर म्हणाली, "बाई, त्यांना तुम्ही सांगितलं होतं ना?"

मग मी मैत्रीचं नाव काढणं सोडलं. वर्गाच्या पुस्तकपेटीत सव्वाशे पुस्तकं आहेत, कव्हरं फाटलेली, क्रमांक पुसलेले. ते काम दोघींना दिलं : तिला, आणि वर्गात वर्षाच्या मध्ये आलेल्या एका बडबड्या मुलीला, जिचा अजून कुठेच जम बसला नव्हता. मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटं, खाकी कागद, कात्री, डिंक. पहिला आठवडा बोलणं फक्त 'कात्री दे', 'इथे धर' एवढंच. दुसऱ्या आठवड्यात एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कुण्या जुन्या विद्यार्थ्यानं काढलेलं मिशीवाल्या घोड्याचं चित्र सापडलं आणि दोघी इतक्या हसल्या की मी दारातून वळून पाहिलं. त्यानंतर त्या सगळ्या पुस्तकांची शेवटची पानं तपासत होत्या. काम महिनाभर चाललं. चालू दिलं.

सातवीची आई :

मनमोकळं ताईंनी सांगितलेला प्रश्न काल विचारला. आधी लेक चिडली. 'तू ऐकत होतीस का?' मी खरं सांगितलं, रोज तुझा चेहरा पाहते. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की त्या दोघींना वर्गाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप गटातून वगळलंय. सगळ्यांचा गट आहे, यांना सोडून नवा केलाय. आठ महिन्यांपूर्वी! एवढे दिवस मी समजत होते की दोघी उगाचच उगाळतात.

म्हणजे मैत्रीण तिला खाली ओढत नव्हती. त्या दोघी एकमेकींना धरून उभ्या होत्या. माझं वरचं म्हणणं मी परत घेते.

मनमोकळं :

सातवीची आई, तुम्ही विचारलंत आणि तिनं सांगितलं, ही मोठी गोष्ट झाली. आता घाईनं त्या दुसऱ्या पालकांना फोन करू नका. आधी तिलाच विचारा की तिला काय झालेलं आवडेल. वगळलं जाणं या वयात मोठ्यांपेक्षा खोल लागतं. २०१० साली लंडनमधल्या संशोधकांनी किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रिया यांना संगणकावर चेंडू टाकायचा खेळ दिला, ज्यात थोड्या वेळानं त्यांच्याकडे चेंडू येणं बंद होतं. मुलींचा मूड स्त्रियांपेक्षा जास्त घसरला. खेळ अनोळखी लोकांबरोबरचा होता आणि काही मिनिटांचा. तुमच्या लेकीचा आठ महिन्यांचा आहे. वर्गशिक्षिकेला जरूर सांगा, पण लेकीला सांगून, तिच्या पाठीमागे नको.

घंटा वाजली सर, यातच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचंही थोडं उत्तर आहे. छळ असो की वाळीत टाकणं, ते बहुतेकदा दोघांतच नसतं. फिनलंडमध्ये ख्रिस्तिना सालमिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवलं की वर्गात प्रत्येकाची एक भूमिका असते : साथ देणारे, हसून चेतवणारे, बाजूला राहणारे, आणि पाठीशी उभे राहणारे. त्यावरच पुढे तिथल्या शाळांमधला छळ रोखण्याचा 'किवा' उपक्रम उभा राहिला. कॅनडातल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवरचं चित्रीकरण पाहून हॉकिन्स, पेपलर आणि क्रेग यांनी २००१ मध्ये मोजलं : छळाच्या १०० पैकी ८८ प्रसंगी इतर मुलं तिथेच हजर होती, पण मध्ये पडली ती १९ प्रसंगी. आणि जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. जुळ्यांच्या बाबांच्या मुलाच्या मानेवरचा हात वर्गातल्या कुणालाच दिसला नसेल असं मला वाटत नाही. मुलांना माहीत असतं. आपण त्यांना विचारत नाही.

जुळ्यांचा बाबा :

खरं आहे. नंतर थोरल्या मुलानं सांगितलं की त्याला त्याच्या तुकडीतल्या दोघांकडून ते कधीचं कळलं होतं. 'मला वाटलं बाबा, तो म्हणेल तेव्हा सांगू.' त्या वाक्याचं मी अजून काय करू ते कळत नाही.

खिडकीजवळ :

ताई, प्रश्न बदलतेय म्हणालात म्हणून सुचवतो. मला 'तुझे मित्र कोण' असं विचारण्याऐवजी 'वर्गात कुणासोबत काम करायला सोपं जातं' असं विचारलं असतं तर मी खरं नाव लिहिलं असतं. प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर एक मुलगा होता, आम्ही फारसे बोलायचो नाही, पण तो परीक्षानळी धरायचा आणि मी नोंदी करायचो. त्याचं नाव मला मित्र म्हणून लिहायचं सुचलंही नाही. तो तुकडीत आला असता तर मला पुष्कळ झालं असतं.

आणि वर्गात सगळ्यांनी एकदम लिहायला नको. घरी नेऊन आणू देत.

घंटा वाजली :

हे मला मान्य होण्यासारखं आहे. 'सोपं जातं' हा शब्द चांगला आहे, त्यात कुणाला शब्द दिल्यासारखं होत नाही आणि कुणाची फजिती नाही. एक नाव साधायचं, जास्तीत जास्त दोन. वर्गशिक्षिकेनं यादी पाहून सही करायची. पालकांची विनंती यात धरायची नाही, यावर मी ठाम आहे. ज्या घरचे लोक कार्यालयात येऊन बोलू शकतात त्यांच्याच मुलांना मित्र मिळतील, आणि नळावरची मुलगी पुन्हा नळावरच राहील.

कंपूंबद्दल माझी भीती गेलेली नाही. एक वर्ष करून पाहू, एकाच इयत्तेत. सहामाहीला पुन्हा बोलू.

दुसरा बाक :

सर, पालकांच्या विनंतीबद्दल तुमचं म्हणणं माझ्यापेक्षा बरोबर आहे. तसंच करू. चिठ्ठीवर दोन प्रश्न ठेवते आहे. 'कुणासोबत काम करायला तुला सोपं जातं?' आणि त्याखाली, 'वर्गात कुणाला सोबतीची गरज आहे असं तुला वाटतं?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं सक्तीचं नाही. चिठ्ठ्या बंद पाकिटात, माझ्याकडेच राहतील, तुकड्या लागल्या की फाडून टाकणार.

खिडकीजवळ :

ती मुलगी आता मधल्या सुट्टीत काय करते?

दुसरा बाक :

बहुतेक दिवस दोघी मैदानाच्या कडेला असतात, नवी मुलगी बोलत असते आणि ही ऐकत असते. कधीकधी हीसुद्धा बोलते, तेव्हा हात खूप हलवते, ते मला आधी माहीत नव्हतं. गेल्या आठवड्यात तिची जोडीदारीण तापानं चार दिवस आली नाही. पहिल्या दिवशी ही पुन्हा नळाच्या रांगेत दिसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी पुस्तकपेटीपाशी जाऊन बसली, काम संपलेलं असताना. मी तिला पेटीची किल्ली दिली. चौथ्या दिवशी तिथे आणखी दोघं पुस्तक मागायला आले होते, आणि ती वहीत त्यांची नावं लिहून घेत होती.